ट्रॅक्टरचे लुकलुकणारे दिवे : कारणे, तपासणी आणि उपाय

(ऊस गळीत हंगामाच्या प्रारंभी निपाणी परिसरातील शेतकरी, ट्रॅक्टरचालक व शिक्षक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दसरा-दिवाळी आटोपली की बेळगाव जिल्ह्याच्या या उत्तर भागातील रस्त्यांचे रूप पालटते. वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी आणि कृष्णा या नद्यांच्या काठचा ऊस तोडणीस येतो. निपाणीचा हालसिद्धनाथ, चिकोडीचा दूधगंगा-कृष्णा, संकेश्वरचा हिरण्यकेशी या सहकारी साखर कारखान्यांकडे वाहनांची रीघ लागते. सीमेपलीकडील कागल, बिद्री आणि गडहिंग्लज येथील कारखान्यांच्या वाटाही याच गावांतून जातात. तोडणी दिवसा होते, भरणी होईपर्यंत दिवस मावळतो, आणि वाहतूक बहुधा रात्री चालते. तोडलेला ऊस जितका रेंगाळतो तितके त्याचे वजन आणि साखरेचा उतारा घटतो. यास्तव रात्रीची वाहतूक टाळा, असे सांगणे व्यवहार्य नाही. ती सुरक्षित कशी होईल, एवढेच पाहणे आपल्या हाती आहे.

या रात्रीच्या वाहतुकीतील एका लहानशा बिघाडाचा आज विचार करावयाचा आहे. तो बिघाड म्हणजे ट्रॅक्टरचे लुकलुकणारे दिवे. दिवा साफ गेला तर चालक ट्रॅक्टर उभा करतो, निदान त्याला करावा लागतो. परंतु दिवा लुकलुकत असला, क्षणात मंद आणि क्षणात प्रखर होत असला, तर ‘चालतंय की अजून’ असे म्हणून खेप पुरी केली जाते. गेलेल्या दिव्यापेक्षा लुकलुकणारा दिवा अधिक फसवा, तो याच कारणाने.

प्रश्न केवळ दिव्याचा नाही

ताशी पंचवीस किलोमीटर वेगाने जाणारा ट्रॅक्टर एका सेकंदात सुमारे सात मीटर पुढे सरकतो. दिवे तीन सेकंद विझले, तर चालकाने एकवीस मीटर रस्ता आंधळेपणाने कापलेला असतो. या एकवीस मीटरांत काय असू शकते, हे या भागातील माणसाला सांगावयास नको. रस्त्याच्या कडेने बीडकडून किंवा विजयपूरकडून आलेल्या ऊसतोड मजुरांची बैलगाडी चाललेली असते. पंक्चर झालेली एखादी ट्रॉली उभी असते. शेताला पाणी पाजून परतणारा माणूस असतो.

दुसरा धोका समोरून येणाऱ्याचा. दोन दिव्यांपैकी एक विझला की समोरच्या वाहनाला तो ट्रॅक्टर मोटारसायकलसारखा भासतो. तेवढ्या अंदाजाने तो बाजूने निघू पाहतो, आणि प्रत्यक्षात समोर ट्रॅक्टरचे अवजड धूड असते. पुणे-बंगळूर महामार्गावर, विशेषतः तवंदी घाटाच्या वळणांवर, अशा चुकीला दुरुस्तीची संधी मिळत नाही.

म्हणून मुख्य गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. लुकलुकणे हा दिव्याचा स्वभाव नव्हे. विजेच्या वाटेत कोठेतरी अडथळा आहे, याची ती सूचना होय. अनेकदा या अडथळ्याच्या दुरुस्तीला पैसा लागत नाही. पाना, काचकागद आणि अर्धा तास पुरतो. मात्र अडथळा नेमका कोठे आहे हे शोधण्यापूर्वीच बल्ब बदलणे, मग बॅटरी बदलणे, मग अल्टरनेटर उतरवणे, असा क्रम धरला तर खर्चही होतो आणि बिघाड जागच्या जागी राहतो.

विजेची वाट : जाण्याची आणि येण्याची

ट्रॅक्टरच्या दिव्याची रचना अवघड नाही. बॅटरीच्या धन टोकातून निघालेला प्रवाह फ्यूज, स्विच आणि डिपर यांतून बल्बापर्यंत जातो. हा झाला जाण्याचा मार्ग. परतीच्या मार्गासाठी बहुतेक ठिकाणी वेगळी लांब तार नसते. बल्बाचा होल्डर, दिव्याचे कवच, मडगार्ड किंवा पुढची जाळी आणि ट्रॅक्टरचा लोखंडी सांगाडा यांतून प्रवाह बॅटरीच्या ऋण टोकाकडे परततो. यालाच कारागीर ‘अर्थ’ किंवा ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. हे वर्तुळ अखंड असेल तरच दिवा स्थिर राहतो.

विहिरीवरील पाइपच्या एखाद्या जोडात कचरा अडकला की शेतात पाण्याची धार कमी-अधिक होते. मोटार मात्र ठीक असते. विजेचेही तसेच आहे. पंचावन्न वॅटचे दोन बल्ब बारा व्होल्टच्या बॅटरीवर मिळून सुमारे नऊ अँपिअर प्रवाह ओढतात. त्यांच्या सामायिक वाटेतील एखाद्या गंजलेल्या जोडात ओहमचा दहावा भाग एवढा रोध निर्माण झाला, तरी जवळजवळ नऊ दशांश व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. बल्बाला मिळणारे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की तारेच्या बल्बाचा प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. जोडातील किरकोळ मळही रस्त्यावरील उजेड एवढा हिरावून घेतो. शिवाय जोडात अडलेली वीज तेथे उष्णता निर्माण करते. जोड तापतो, सैल होतो, आणि सैल झाला की अधिक तापतो. संध्याकाळी स्थिर असलेला दिवा अर्ध्या तासाने लुकलुकू लागतो, त्याचे हेही एक कारण असते.

आधी पाहावे, मग पाना हाती घ्यावा

चांगला वैद्य औषधापूर्वी लक्षणे विचारतो. दिव्याच्या बाबतीतही प्रथम तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : एकच दिवा लुकलुकतो की दोन्ही? एकच लुकलुकत असेल तर बॅटरी आणि अल्टरनेटर यांच्याकडे पाहण्याचे कारण नाही. दोष त्या बाजूच्या होल्डरात, तारेत किंवा अर्थमध्ये आहे. दोन्ही दिवे एकाच वेळी लुकलुकत असतील तर दोष दोघांच्या सामायिक वाटेत, म्हणजे बॅटरीची टोके, मुख्य अर्थ, फ्यूज, स्विच किंवा वीज निर्माण करणारी यंत्रणा यांत शोधावा. केवळ वरचा झोत ठीक असून खालचा लुकलुकत असेल, तर डिपरच्या स्विचकडे संशयाने पाहावे.

दुसरा प्रश्न : केव्हा लुकलुकतो? खड्ड्यात चाक गेले की लुकलुकत असेल तर जोड सैल आहे. इंजिनचा वेग वाढवला की प्रखर आणि कमी केला की मंद होत असेल, तर पट्टा, बॅटरी किंवा रेग्युलेटर यांची तपासणी करावी. बाजूचा इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर मोठा दिवाही मिचमिचत असेल, तर दोघांचा अर्थ एकच आणि तोही सदोष आहे असे बहुधा समजावे.

तिसरा प्रश्न : केव्हापासून? नवा दिवा बसवल्यापासून, रंग दिल्यापासून, बॅटरी बदलल्यापासून की पावसाळ्यानंतर? या प्रश्नाच्या उत्तरातच पुष्कळदा दोषाचे ठिकाण सापडते.

ही पाहणी रस्त्यावर करू नये. संध्याकाळी घरासमोर सपाट जागी, हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, भिंतीपासून दहा पावलांवर ट्रॅक्टर उभा करावा. इंजिन बंद ठेवून दिवे लावावेत आणि भिंतीवरील उजेडाकडे पाहावे. एकाने पाहावे, दुसऱ्याने तारांचा जुडगा जागोजागी हलक्या हाताने हलवावा. ज्या ठिकाणी हात लागताच उजेड हलतो, तेथे दोष आहे. त्यानंतर इंजिन सुरू करून, पंखा आणि पट्टा यांपासून हात व कपडे दूर ठेवून, वेग कमी-जास्त करून पुन्हा पाहावे.

रंगाखाली दडलेला दोष

सर्वाधिक आढळणारा दोष अर्थचा होय, आणि आपल्या भागात त्याचे एक खास कारण आहे. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. ट्रॅक्टर धुऊन, कोठे खरवडून, कोठे तसाच, नव्या रंगाने सजवला जातो. ही प्रथा सुंदर आहे. परंतु रंग हा विजेला जाऊ देत नाही. दिव्याचे कवच, मडगार्ड आणि अर्थचे बोल्ट सोडवून, रंगवून, पुन्हा जोडताना लोखंडाला लोखंड भिडत नाही; मध्ये रंगाचा पातळ पडदा राहतो. बोल्टाच्या आट्यांतून जेमतेम संपर्क होतो आणि ट्रॅक्टर हलला की तुटतो. दसऱ्याला झळाळणारा ट्रॅक्टर कार्तिकात लुकलुकू लागतो, त्याचे रहस्य पुष्कळदा एवढेच असते.

याची खात्री करण्याची पद्धत सोपी आहे. हातभर किंवा गरजेप्रमाणे लांब, चांगल्या जाडीची एक तार घ्यावी. तिचे एक टोक बॅटरीच्या अर्थ असलेल्या टोकाला आणि दुसरे टोक लुकलुकणाऱ्या दिव्याच्या धातूच्या कवचाला, खरवडलेल्या जागी, टेकवावे. दिवा तत्काळ स्थिर आणि प्रखर झाला तर अर्थच सदोष आहे हे सिद्ध झाले. होल्डरला अर्थची स्वतंत्र तार असेल तर तार तिच्या टोकाला टेकवावी. ती बल्बाच्या धन टोकाला मात्र कधीही टेकवू नये. तसे केल्यास शॉर्ट होऊन फ्यूज जाईल किंवा तार पेटेल.

व्होल्टमीटर असल्यास परीक्षा अधिक नेमकी होते. दिवे चालू ठेवून मीटरची एक सुई बॅटरीच्या अर्थ टोकावर आणि दुसरी दिव्याच्या कवचावर ठेवावी. काटा शून्याजवळ राहावयास हवा. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दाखवत असेल तर परतीच्या वाटेत अडथळा आहे.

उपाय असा : बोल्ट सोडवावा, तारेच्या टोकाची थिंबल आणि खालचे लोखंड काचकागदाने चकाकेपर्यंत घासावे, दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट करावा, आणि मग वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावावे. जोडण्यापूर्वी रंग नाही, जोडल्यानंतर संरक्षण अवश्य. हा क्रम उलटू नये.

बॅटरी आणि तिची टोके

दोन्ही दिवे एकदम लुकलुकत असतील तर बॅटरीची पेटी उघडावी. टोकांवर पांढरा किंवा हिरवट मळ जमलेला दिसेल. तो गंज असतो आणि तो वीज अडवतो. टोके सोडवताना, ज्या टोकाची तार सांगाड्याला जोडलेली आहे ते टोक प्रथम सोडावे आणि जोडताना ते अखेरीस जोडावे. बहुतेक ट्रॅक्टरांत ते ऋण टोक असते. काही जुन्या ट्रॅक्टरांत धन टोक अर्थला जोडलेले आढळते, म्हणून डोळ्यांनी पाहून खात्री करावी. हा क्रम पाळला की पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी उडत नाही.

खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून त्याने मळ धुवावा. मात्र हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. टोके कोरडी करून, घासून, घट्ट बसवावीत आणि वरून व्हॅसलीन लावावे. हाताने फिरणारे टोक हे सैल टोक समजावे. हातोडीने ठोकून ते घट्ट करण्याची रीत चुकीची आहे. तिने आतील पट्ट्या निखळतात.

निपाणी ही तंबाखूची पेठ, आणि येथे विडी ओढणाऱ्यास नवल नाही. म्हणूनच विशेष बजावून सांगावे लागते की, बॅटरीजवळ विडी, काडी किंवा कंदील नेऊ नये. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने स्फोट पावतो. आतील द्रव हे गंधकाचे आम्ल असते. ते डोळ्यांत गेले तर भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळे धुवावेत आणि विनाविलंब दवाखाना गाठावा. पाण्याची पातळी कमी झाली असल्यास शुद्ध केलेले पाणीच घालावे. आम्ल किंवा बोअरचे पाणी घालू नये.

बॅटरी रात्रभर विश्रांतीत ठेवून सकाळी मोजली, तर पूर्ण चार्ज असलेली बारा व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. बारा व्होल्टच्या आसपासच राहणारी बॅटरी जवळजवळ रिकामी समजावी.

डायनॅमो, अल्टरनेटर आणि पट्टा

इंजिन चालू असताना विजेचा पुरवठा बॅटरी करत नाही, तर डायनॅमो किंवा अल्टरनेटर करतो. जुन्या ट्रॅक्टरांत डायनॅमो आणि कटआऊट असे, नंतरच्या ट्रॅक्टरांत अल्टरनेटर आला. डायनॅमो मंद गतीत पुरेशी वीज देत नाही. त्यामुळे कारखान्याच्या गव्हाणीसमोर रांगेत उभे असताना जुन्या ट्रॅक्टरचे दिवे मंदावणे हे काही अंशी स्वाभाविक आहे. वेग वाढल्यावरही ते मंदच राहिले किंवा फडफडले, तर मात्र तपासणी अगत्याची ठरते.

प्रथम पट्टा पाहावा. इंजिन बंद करून दोन चाकांमधील पट्ट्याच्या मध्यभागी अंगठ्याने दाबल्यास तो साधारण बारा ते पंधरा मिलिमीटर खाली जावा. त्याहून फार सैल असेल तर तो घसरतो, ओरडतो आणि वीज कमी-अधिक होते. फार घट्ट असेल तर बेअरिंगावर ताण येतो. पट्ट्याला तेल लागले असेल, तो झिजून काचेसारखा गुळगुळीत झाला असेल, तर तो बदलावा.

नंतर व्होल्टेज मोजावे. इंजिन मध्यम वेगात असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळावयास हवेत. काटा बारावरच अडकला असेल तर चार्जिंग होत नाही. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर सदोष आहे. अशा ट्रॅक्टरचे बल्ब वरचेवर उडतात आणि बॅटरीतील पाणी लवकर आटते. काटा सतत नाचत असेल तर कार्बन ब्रश झिजले असण्याचा किंवा रेग्युलेटरचा जोड सैल असण्याचा संभव असतो. इथून पुढचे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडे सोपवावे. अल्टरनेटर असलेल्या ट्रॅक्टरची बॅटरी इंजिन चालू असताना सोडवून ‘चार्जिंग होते का’ ते पाहण्याची रीत काही ठिकाणी दिसते. ती अत्यंत घातक आहे. तिने चांगला अल्टरनेटर क्षणात निकामी होऊ शकतो.

हेच तत्त्व पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांनाही लागू पडते. गोल्फच्या मैदानांवर किंवा मोठ्या आवारांत फिरणाऱ्या पेट्रोलच्या गाड्यांपैकी अनेकींत स्टार्टर आणि डायनॅमो असे दोन वेगळे भाग नसतात; पट्ट्यावर फिरणारे एकच यंत्र दोन्ही कामे करते. पायाखालचे पेडल सोडले की इंजिन थांबते आणि दिवे केवळ बॅटरीवर राहतात. अशा गाडीचे दिवे थांबताना किंचित मंदावले तर घाबरण्याचे कारण नाही. चालताना लुकलुकले तर पट्टा, बॅटरीची टोके, अर्थ आणि रेग्युलेटर याच क्रमाने पाहावे. यंत्र लहान असो वा मोठे, विजेचा नियम एकच असतो.

स्विच, फ्यूज आणि हौसेचे दिवे

स्विचला हात लावून पाहावा. दिवे लावल्यावर तो तापत असेल तर आतील संपर्क जळालेले आहेत. असा स्विच बदलणे हाच उपाय होय. शक्य असल्यास दिव्यांसाठी रिले बसवून घ्यावा. मग मोठा प्रवाह स्विचमधून न जाता रिलेतून जातो आणि स्विच टिकतो.

फ्यूज ही ट्रॅक्टरची राखणदार वस्तू आहे. ती वारंवार जात असेल तर कोठेतरी तारेचे आवरण फाटून ती लोखंडाला घासत आहे, असे समजावे. त्या जागी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळणे म्हणजे राखणदाराला बांधून ठेवून चोराला दार उघडे करणे होय. मग फ्यूजऐवजी तारांचा जुडगा जळतो, आणि मागे वाळलेल्या पाचटासह ऊस असतो.

हौसेच्या दिव्यांविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. छतावर रंगीत दिव्यांची माळ, पुढे चार प्रखर दिवे, शिवाय मोठ्या आवाजाची गाणी, अशी सजावट हल्ली दिसते. दोन मुख्य दिवे, मागचे दिवे आणि मीटरचे दिवे मिळून दीडशे वॅटचा भार धरला तर तो सुमारे साडेबारा अँपिअर होतो. त्यावर वाटेल तसा भार चढवला तर जुना डायनॅमो तो पेलू शकत नाही. त्यातही या नव्या दिव्यांच्या तारा मुख्य तार सोलून, पीळ देऊन, वर चिकटपट्टी लावून जोडलेल्या असतात. पावसात त्या पिळात पाणी शिरते, गंज चढतो, आणि हौसेसाठी लावलेला दिवा गरजेच्या दिव्याला लुकलुकवतो. जोड द्यावयाचाच असेल तर तो थिंबल दाबून किंवा डाख देऊन, योग्य जाडीच्या तारेने आणि स्वतंत्र फ्यूज घालून द्यावा.

ट्रॉलीचा मागचा दिवा

चालकाला पुढचा दिवा दिसतो, मागचा दिसत नाही. म्हणून तो विसरला जातो. वास्तविक मंद गतीने चाललेल्या ट्रॉलीचे प्राण तिच्या मागच्या तांबड्या दिव्यावर अवलंबून असतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागचा तांबडा दिवा १५५ मीटर अंतरावरून दिसला पाहिजे. उसाच्या वाड्यांनी झाकलेला, किंवा प्रत्येक खड्ड्यात विझणारा दिवा ही अट पुरी करत नाही.

ट्रॉलीच्या दिव्यांचा अर्थ पुष्कळदा जोडणीच्या हूक आणि पिनमधून घेतलेला असतो. हूकला ग्रीस, चिखल आणि गंज लागलेला असतो, आणि ट्रॉली मागे-पुढे झाली की पिनेचा संपर्क तुटतो. येथे लुकलुक न झाली तरच आश्चर्य. यास्तव ट्रॅक्टरपासून ट्रॉलीच्या दिव्यापर्यंत, आणि दोन ट्रॉल्या असतील तर पहिलीपासून दुसरीपर्यंत, अर्थची स्वतंत्र तार न्यावी. जोडणीचा प्लग जमिनीवर लोंबू न देता वर बांधावा. तांबडे परावर्तक कापडाने पुसून स्वच्छ ठेवावेत. परावर्तकाला वीज लागत नाही. दिवा दगा देतो तेव्हाही तो काम करतो. परंतु दिव्याची जागा तो भरून काढत नाही.

वाटेत दिवा गेला तर

एवढी काळजी घेऊनही दिवा वाटेत लुकलुकू लागला तर वेग कमी करून, पहिल्या सुरक्षित जागी, रस्ता सोडून ट्रॅक्टर उभा करावा. इंडिकेटर चालू ठेवावे, मागे पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा, चाकांना ओट लावावी. फ्यूज, बॅटरीची टोके आणि होल्डर एवढेच तपासावे. दुसऱ्या ट्रॅक्टरच्या उजेडामागून घाट उतरण्याचे धाडस करू नये. त्याने ब्रेक लावला तर आपल्या हाती काही उरत नाही. निघताना ओटीचे दगड रस्त्यातून उचलून बाजूला टाकावेत. आपल्या मदतीला आलेला तोच दगड अर्ध्या तासाने दुसऱ्याच्या मोटारसायकलचा काळ ठरू शकतो.

चालकाजवळ एक टेस्ट लॅम्प, दोन जादा बल्ब, योग्य अँपिअरच्या फ्यूज, पाना, काचकागद, चिकटपट्टी आणि हातबत्ती एवढे साहित्य असावे. ते सारे एका डब्यात मावते.

शिक्षक आणि अधिकारी यांचे साहाय्य

हे ज्ञान केवळ गॅरेजचे नाही. गावातील विज्ञानशिक्षकांनी टॉर्चचा बल्ब, एक सेल आणि दोन तारा घेऊन अर्थचा प्रयोग वर्गात करून दाखवावा. तारेच्या टोकाला रंग लावला की बल्ब विझतो, घासले की पेटतो. एवढे पाहिलेले मूल घरी जाऊन वडिलांना ट्रॅक्टरचा बोल्ट दाखवील. साखर कारखान्यांच्या शेतकी विभागाने आणि परिवहन अधिकाऱ्यांनी हंगाम सुरू होण्याआधी कारखान्याच्या आवारात दिव्यांची तपासणी ठेवली, तर रस्त्यावर दंड करण्याचे प्रसंग कमी येतील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना अशा तपासणीत सहभागी करून घेतल्यास त्यांनाही प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळेल. तपासणीच्या सूचना मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत लावाव्यात. अपघात चालकाची भाषा विचारून होत नाही.

या मातीला यंत्रविद्या परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म याच जिल्ह्यातला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून प्रारंभ केला, पुढे शेतकऱ्यासाठी लोखंडी नांगर घडवला आणि १९१० साली किर्लोस्करवाडीचा पाया घातला. आजही बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाच्या भट्ट्या आणि यंत्रांचे भाग घडवणारे कारखाने आहेत. ज्या जिल्ह्यातील हातांनी यंत्रे घडवली, त्या जिल्ह्यातील ट्रॅक्टरचा दिवा एका सैल बोल्टापायी विझावा, हे शोभणारे नाही.

समारोप

सारांश, एक दिवा की दोन्ही, केव्हा आणि केव्हापासून, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. मग अर्थ, बॅटरीची टोके, पट्टा, स्विच-फ्यूज आणि ट्रॉलीची जोडणी या क्रमाने पाहावे. बल्ब आणि अल्टरनेटर बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. हे काम पंधरवड्यातून एकदा, उजेडात, घरासमोर करावे.

पहाटे ट्रॉली रिकामी करून चालक घरी परततो, तेव्हा त्याच्या घरची माणसे ट्रॅक्टरचा आवाज ओळखून उठतात. तो आवाज रोज पहाटे ऐकू यावा, आणि रस्त्यावरून पायी जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या घरीही त्याची पावले सुखरूप पोहोचावीत, यासाठी हंगामाच्या पहिल्या खेपेपूर्वी प्रत्येक चालकाने अर्धा तास काढावा, एवढीच विनंती आहे.